नगरशोभिनी आणि आवसथागार : नगरविकासातील ‘सांस्कृतिक समावेशा’ची चिकित्सा

ऑक्टोबर २०१६ मध्ये इक्वेडोरची राजधानी क्वितो येथे संयुक्त राष्ट्रांची गृहनिर्माण व शाश्वत नगरविकास या विषयावरील तिसरी परिषद भरली होती. त्या निमित्ताने युनेस्कोने संस्कृती आणि शहरांचे भविष्य यांचा संबंध सांगणारा एक जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. शहर केवळ रस्ते, नळ आणि इमारती यांनी बनत नाही. तेथे राहणाऱ्या माणसांच्या स्मृती, कला, सण आणि सार्वजनिक जागा यांनी ते बनते. म्हणून नगरविकासाच्या प्रत्येक योजनेत संस्कृतीला स्थान द्यावे, म्हणजे उपेक्षित समूहांचाही शहरात समावेश होईल, अशी त्या अहवालाची एकंदर मांडणी आहे. ही भाषा आता आपल्याकडेही चांगली रुळली आहे. नदीकाठ सुशोभनाचा आराखडा असो, मेट्रो स्थानकाची सजावट असो किंवा एखाद्या जुन्या पेठेचे पुनरुज्जीवन असो, ‘वारसा’, ‘सांस्कृतिक ओळख’ आणि ‘समावेशक शहर’ हे तीन शब्द त्यात बहुधा सापडतातच.

या मांडणीतील चांगुलपणा नाकारण्याचे कारण नाही. ज्या विकासाला पूर्वी फक्त सिमेंट दिसत होते त्याला आता माणसांच्या आठवणी दिसू लागल्या असतील तर ते स्वागतार्हच आहे. परंतु समावेश कोण कोणाचा करतो, हा प्रश्न तिच्यात पुरेशा निकराने विचारलेला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. समावेश करणारा घरात असतो आणि ज्याचा समावेश होतो तो दाराशी उभा असतो. १९२९ साली पुण्याच्या पर्वतीवर सत्याग्रह झाला तेव्हा प्रश्न दार उघडण्याचा होता. पुढे १९३३ साली मंदिरप्रवेशाच्या विधेयकाला पाठिंबा देण्याचे बाबासाहेबांनी नाकारले तेव्हा तो प्रश्न अधिक खोल गेला होता. ज्या व्यवस्थेने अस्पृश्यता निर्माण केली ती तशीच ठेवून तिच्या देवळात मिळणारा प्रवेश त्यांना पुरेसा वाटला नाही. नगरविकासातल्या सांस्कृतिक समावेशाचीही याच कसोटीवर परीक्षा व्हावयास हवी.

शहराची कीर्ती वाढविण्यासाठी संस्कृतीचा उपयोग करण्याची कल्पना विसाव्या शतकातील नाही. स्पेनमधील बिल्बाओ या औद्योगिक शहरात १९९७ साली गुगेनहाइम संग्रहालय उघडले. त्यामुळे त्या मरगळलेल्या शहराचे भाग्य पालटले, असा दाखला नगररचनेच्या चर्चेत वारंवार दिला जातो. पालीच्या अभ्यासकाला मात्र तो ऐकताना विनयपिटकाच्या महावग्गातील चीवरक्खन्धकाचा आरंभ आठवल्याशिवाय राहत नाही.

राजगृहाचा एक व्यापारी कामानिमित्त वैशालीला जातो. तेथील ७७०७ प्रासाद, तितकीच कूटागारे, उद्याने आणि पुष्करिणी पाहून तो चकित होतो. नृत्य, गीत आणि वादन यांत निपुण असलेली, एका रात्रीचे पन्नास कहापण घेणारी आम्रपाली तो पाहतो. तिच्यामुळे वैशाली अधिकच शोभते, असा तेथे उल्लेख आहे. मूळ क्रियापद ‘उपसोभति’ असे आहे. पुढे अट्ठकथांत अशा गणिकेसाठी ‘नगरसोभिनी’ हा शब्दच रूढ झालेला दिसतो. व्यापारी परत येऊन बिंबिसार राजाला हा वृत्तान्त सांगतो आणि आपणही अशी एक गणिका नेमावी असे सुचवतो. राजा संमती देतो. सालवती नावाची मुलगी शोधली जाते, तिला गणिकापदावर बसवले जाते, ती लवकरच कलांत प्रवीण होते आणि तिचा दर शंभर कहापण ठरतो. वैशालीच्या दुप्पट!

दोन शहरांची स्पर्धा, व्यापाऱ्याची सूचना, सत्तेची मंजुरी आणि कलेची योजनापूर्वक स्थापना, असे आजच्या सांस्कृतिक धोरणाचे सगळे अवयव या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कथेत आहेत. तिच्यात एकच गोष्ट नाही. सालवतीला काय हवे होते, हे कोणी विचारल्याचा उल्लेख नाही. विनयकाराने तर कथा तेथे थांबवलेलीही नाही. सालवती गर्भवती राहते. गर्भवती स्त्री पुरुषांना रुचणार नाही आणि आपला मान जाईल या भयाने ती आजारपणाचे निमित्त करून दार बंद करून घेते. मुलगा झाल्यावर दासीकरवी त्याला जुन्या सुपात घालून उकिरड्यावर टाकायला लावते. अभय राजकुमाराला कावळ्यांच्या गराड्यात ते मूल दिसते. ते जिवंत आहे असे लोक सांगतात, म्हणून त्याचे नाव जीवक. पुढे तोच तथागतांचा वैद्य झाला. नगराच्या शोभेचा हिशेब उकिरड्यापर्यंत नेऊन दाखविणारा असा दुसरा उतारा प्राचीन भारतीय वाङ्मयात मला तरी ठाऊक नाही.

हा विषय आपल्याला परका नाही. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले आणि जेजुरीला मुली मुरळी म्हणून सोडण्याच्या प्रथेविरुद्ध त्यातून मोहीम चालवली. मुरळीचे गाणे आणि नाच ही ‘लोककला’ म्हणून आज व्यासपीठावर सन्मान पावते. तो सन्मान करताना ज्या जातींच्या मुली त्या कलेला वाहिल्या जात होत्या त्यांची संमती कोठे होती, हे विचारणारे पहिले लोक त्याच जातींतले होते. तेव्हा संस्कृतीचे जतन आणि माणसांची मुक्ती या दोन गोष्टी नेहमी एकाच दिशेने जातात, असे गृहीत धरता येत नाही.

आता खडकीकडे येऊ. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे पेशवे आणि इंग्रज यांची लढाई झाली. भीमा कोरेगावची लढाई त्यानंतर दोन महिन्यांच्या आतली. पुढे येथे लष्करी छावणी वसली, १८५८ साली खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला, १८६९ साली दारूगोळा कारखाना निघाला. या कारखान्याच्या आणि छावणीच्या भरवशावर खेड्यापाड्यांतून माणसे आली. महार, मातंग, ख्रिस्ती, मुसलमान, तमिळ व तेलुगू बोलणारी कुटुंबे खडकी बाजार, रेंजहिल्स आणि शेजारच्या बोपोडीत स्थिरावली. मुळा नदीच्या पलीकडे दापोडी. मेट्रोचा उन्नत मार्ग आता या वस्त्यांच्या डोक्यावरून जातो.

काही वर्षांपूर्वी हौशी मंडळींनी काढलेल्या येथील एका वारसाफेरीत प्रस्तुत लेखक सामील झाला होता. होळकर पूल, जुने चर्च आणि युद्धस्मशानभूमी ही तीन ठिकाणे झाली. माहिती चोख होती, सांगणारा तरुण अभ्यासू होता. मध्यंतरी चहासाठी बाजारात थांबलो. टपरीच्या समोरच विहार होता. दार उघडे होते, आत दोन वृद्ध उपासिका फरशी पुसत होत्या. फेरीतील कोणीही आत गेले नाही. त्या दिवशी मीही कोणाला आत चला म्हटले नाही, हे सांगितले पाहिजे. ‘वारसा’ या शब्दाची सवय आपल्यालाही अशीच लागलेली आहे.

खडकीच्या युद्धस्मशानभूमीचे उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखे आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग तिची देखभाल करतो. दुसऱ्या महायुद्धातील १६६८ सैनिकांच्या समाधी येथे आहेत. पहिल्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्या व ज्यांच्या मूळ समाधींची निगा राखणे अशक्य झाले अशा १८०० हून अधिक सैनिकांची नावे येथील स्मारकावर आहेत. अधिकारी आणि साधा शिपाई यांना सारखाच दगड, हे त्या आयोगाचे तत्त्व. समतेचे इतके नेटके दृश्य खडकीत दुसरे नाही. आणि तरीही २०२१ साली याच आयोगाच्या एका चौकशी अहवालाने मान्य केले की पहिल्या महायुद्धातील हजारो आशियाई व आफ्रिकी मृतांना हे सारखेपण मिळाले नाही; अनेकांची नावे कोठे कोरली गेलीच नाहीत. ज्या संस्थेचे व्रतच समतेचे होते तिलाही आपल्या यादीबाहेर कोण राहिले हे कळायला शंभर वर्षे लागली.

यादी करणाऱ्याच्या हेतूवर शंका न घेताही तिच्या रचनेवर आक्षेप घेता येतो, तो असा. वारशाच्या यादीत वास्तू येते. तिचे वय, तिची शैली, तिचा दर्जा येतो. गेल्या सत्तर वर्षांत कामगारांनी पगारातून वर्गणी काढून बांधलेले विहार, त्यातली अभ्यासिका, वर्षावासातील ग्रंथवाचन, जयंती मंडळाची कलापथके यांना शैली नाही आणि पुरेसे वय नाही. विकास आराखड्यात ती जागा फार तर ‘धार्मिक स्थळ’ म्हणून येते आणि रस्ता रुंद करण्याच्या वेळी ‘अतिक्रमण’ म्हणून. संस्कृती मात्र सभागृहाच्या आरक्षणात दाखवली जाते.

वस्तुतः वस्तीने स्वतः उभारलेली जागा ही नगराच्या आधीची असते. महापरिनिब्बानसुत्तात याचे फार बोलके चित्र आहे. तथागत पाटलिग्रामाला येतात तेव्हा पाटलिपुत्र अजून उभे राहायचे आहे. गावातील उपासक त्यांना आपल्या आवसथागारात, म्हणजे उतरण्या-बसण्याच्या सार्वजनिक शाळेत, येण्याची विनंती करतात. ते स्वतः बैठका अंथरतात, पाण्याचा मोठा घडा ठेवतात, तेलाचा दिवा लावतात. तथागत मधल्या खांबाला टेकून पूर्वाभिमुख बसतात; भिक्खुसंघ पश्चिमेच्या भिंतीशी, तर उपासक पूर्वेच्या भिंतीशी त्यांच्याकडे तोंड करून बसतात. रात्री उशिरापर्यंत शीलावर देसना चालते. त्यानंतर पहाटे तथागतांना दिसते ते मगधाचे महामात्य सुनीध आणि वस्सकार यांनी चालवलेले नगराचे बांधकाम. थोर देवता ज्या जागा धरतात तेथे बलाढ्य राजपुरुषांची घरे, मध्यम देवतांच्या जागी मध्यमांची आणि कनिष्ठांच्या जागी कनिष्ठांची, असे वर्णन येते. शहराच्या नकाशात प्रतिष्ठेची उतरंड कशी उमटते याचेच हे वर्णन आहे, असे मला वाटते.

महामात्य तथागतांना भोजन देतात आणि ज्या दाराने ते बाहेर पडतात त्याला गौतमद्वार असे नाव देतात. ज्या घाटाने ते गंगा उतरतील त्याला गौतमतीर्थ म्हणायचे असेही योजतात. नामकरणाचा हा सोहळा आजच्या कोणत्याही चौकाला वा उड्डाणपुलाला शोभेल असा आहे. तथागत मात्र घाटाचा उपयोग न करताच पैलतीरी जातात. सुत्तकाराने येथे काही भाष्य केलेले नाही.

खडकीहून लोकलने दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही स्थानके ओलांडली की देहूरोड लागते. तेथील लष्करी डेपोच्या परिसरात राहणाऱ्या आपल्या माणसांनी विहार बांधले आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते त्यात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा जवळजवळ बावीस महिने अवकाश होता. देहूरोडचे विहार म्हणजे पुणे परिसरातील आमचे आवसथागार होय. कोणत्याही नगररचनाकाराच्या नकाशात ‘सांस्कृतिक केंद्र’ अशी खूण होण्यापूर्वी लोकांनी तेथे अंथरूण घातले होते आणि दिवा लावला होता.

याच्या शेजारी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात धर्मानंद कोसंबींनी मुंबईच्या परळ भागात स्थापन केलेले बहुजन विहार ठेवून पाहावे. धर्मानंदांचे ऋण आम्हा पालीच्या विद्यार्थ्यांवर इतके आहे की त्यांच्याविषयी लिहिताना लेखणी जपूनच चालते. त्यांचा हेतू निर्मळ होता आणि त्यांनी निवडलेली जागा कामगारांची होती. पण त्या वास्तूमागे बिर्लांची देणगी होती आणि त्यामागची प्रेरणा एका थोर अभ्यासकाची होती. परळचे विहार कामगारांसाठी होते; देहूरोडचे कामगारांचे होते. सध्याची सांस्कृतिक धोरणे परळच्या प्रकारात मोडतात, तेही धर्मानंदांच्या त्यागाशिवाय.

कोलंबियातील मेदेयिन या शहराने डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांत तारमार्ग नेला आणि २००७ साली अशाच एका वस्तीत भव्य ग्रंथालय उभारले. सगळ्या जगाने त्याचे कौतुक केले. बांधकामातील दोषांमुळे २०१५ मध्ये ते बंद करावे लागले. याचा अर्थ गरिबांच्या वस्तीत सुंदर इमारत बांधू नये असा कोणी काढू नये. सुंदर इमारतीवर गरिबांचा पहिला हक्क आहे. मुद्दा इतकाच की छायाचित्रात आलेली वास्तू आणि चालू असलेली संस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग या धोरणांनी कोठून आरंभ करावा? वज्जींचे सात अपरिहानीय धर्म आपल्या वाचकांना परिचित आहेत. चैत्यांचा, नगराच्या आतल्या आणि बाहेरच्याही चैत्यांचा, मान राखावा, हा त्यांतील सहावा. वारसा जतनाचे प्राचीन सूत्र म्हणून तो कोणीही उद्धृत करील. परंतु तो सहावा आहे. पहिला धर्म वारंवार एकत्र जमण्याचा आणि दुसरा एकदिलाने जमून, एकदिलाने उठून, एकदिलाने कामे करण्याचा आहे. (तिसऱ्यातील पूर्वापार नियम न मोडण्याची अट रूढीच्या समर्थनार्थ वापरली जाते. ती वज्जींच्या गणाला उद्देशून आहे, वर्णधर्माला नव्हे. आणि वज्जींचा गणही क्षत्रियांचा होता, दासांना त्यात मत नव्हते, हेही विसरू नये.) संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या ठराव, गणपूर्ती आणि मतदान यांच्या नियमांकडे लक्ष वेधले होते ते याच कारणाने. जमणे आधी, चैत्य नंतर.

खडकीत नेमके हे पहिले अंगच लुळे पडले आहे. कॅन्टोन्मेंट बोर्डावरील निवडून आलेल्या सदस्यांची मुदत २०२१ मध्ये संपली. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निवडणुका रद्द करण्यात आल्या. त्याच वर्षी हिमाचल प्रदेशातील योल येथील छावणी मोडण्यात आली आणि इतर छावण्यांतील नागरी वस्त्याही शेजारच्या नगरपालिकांत विलीन करण्याचे धोरण पुढे आले. खडकीही त्यात आहे. ज्या पुणे महापालिकेत तिने जायचे, तिच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदतही मार्च २०२२ मध्ये संपून पुढील काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाच्या सुशोभनाचा प्रकल्प याच काळात पुढे रेटला गेला. पूररेषेतील भराव आणि भिंती यांवर अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत. काठावरच्या वस्त्यांचे काय होणार याची चर्चा त्या मानाने कमी झाली.

पाटलिपुत्राला तीन संकटे येतील असे तथागतांनी सांगितले होते : आग, पाणी आणि आपसातील फूट. तिसऱ्याचा मूळ शब्द ‘मिथुभेद’. हे नगर बांधणारा वस्सकार तोच, ज्याने त्याच सुत्ताच्या आरंभी वज्जींना युद्धाने नव्हे, फितवून किंवा मिथुभेदाने जिंकावे लागेल असा निष्कर्ष काढलेला आहे. ज्या हाताने दुसऱ्याचे नगर फोडायचे त्याच हाताने आपले नगर बांधले जात होते.

हे वाचून आपण दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. खडकी-बोपोडीच्या परिसरात आपली विहारे कमी नाहीत. त्यांतील कितींचे दार आठवड्यातून एका वंदनेपलीकडे उघडते? किती ठिकाणी फरशी पुसणाऱ्या उपासिका कार्यकारिणीतही आहेत? एका गल्लीत दोन विहारे आणि दोन जयंती मंडळे असण्यामागे धम्माचे कोणते कारण आहे? शेजारच्या मातंग वस्तीतला, तमिळ चाळीतला, मशिदीमागचा मुलगा आपल्या अभ्यासिकेत येऊन बसतो काय? एप्रिल महिन्यात लाखो रुपयांची रोषणाई करून आपणही वस्तीला नगरशोभिनीच बनवत असतो आणि अभ्यासिकेचा दिवा मात्र बंद असतो. शासनाच्या धोरणाला आपण जी कसोटी लावतो ती आपल्यालाही लागते. आपली आवसथागारे सर्वांची झाली नाहीत तर त्यांना ‘एका समाजाचे धार्मिक स्थळ’ म्हणणाऱ्या नोंदीला आपण उत्तर कोणत्या तोंडाने देणार?

विलीनीकरण आज ना उद्या होईल आणि खडकीचा नवा आराखडा तयार होईल. त्या वेळी हरकती व सूचना मागवण्याची एक ठरावीक मुदत असते आणि ती फार लवकर संपते. तत्पूर्वी प्रत्येक विहाराने आपली कागदपत्रे एकत्र करणे अगत्याचे आहे : जागेचे जुने करार, वर्गणीची पावतीपुस्तके, वर्षावासात वाचलेल्या ग्रंथांच्या नोंदी, अभ्यासिकेतून शिकून गेलेल्या मुलामुलींची यादी, वृद्ध उपासक-उपासिकांनी सांगितलेल्या बांधकामाच्या आठवणी. आपल्या संस्थेतील पालीचे विद्यार्थी रविवारी या कामासाठी उपलब्ध होऊ शकतात. पहिली भेट बाजारातल्या त्या टपरीसमोरच्या विहाराला द्यावी, असे मी त्यांना सुचवले आहे. फरशी पुसणाऱ्या त्या दोघींपैकी एकजण आता हयात नाहीत.